खडकीच्या वाटा आणि आमची बंद गल्ली

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रात्री अम्मीच्या छातीत दुखायला लागलं. फोन केला. रुग्णवाहिका दहा-बारा मिनिटांत आमच्या भागात आली, पण घरापर्यंत पोचली नाही. चालक मागच्या वसाहतीत शिरला होता. त्याच्या आणि आमच्या मध्ये साडेपाच फुटांची एक भिंत होती. मी गच्चीवरून मोबाईलचा दिवा हलवत होतो, तो खालून विचारत होता, “भाई, रास्ता किधर से है?” रस्ता होता, मागे फिरून मुख्य रस्त्यावर जायचं, चौकातून वळायचं, दोन वसाहती ओलांडायच्या आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायचं. अंतर दीड किलोमीटर. शेवटी शेजारच्या चार पोरांनी अम्मीला खुर्चीत बसवलं, भिंतीवरून पलीकडे उतरवलं आणि गाडीत ठेवलं.

अम्मी आज ठणठणीत आहे. ती भिंतही ठणठणीत आहे.

त्या रात्रीनंतर मी शहराच्या नकाशाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आपण शहराचं मोठेपण लोकसंख्येत मोजतो, उड्डाणपुलांत मोजतो. पण एका घरातून दुसऱ्या घरी जायला किती वाटा आहेत, हे कुणी मोजत नाही. माझ्या शहराची सव्वाचारशे वर्षांची गोष्ट या एका प्रश्नाच्या अंगाने वाचली, तर ती नेहमीच्या इतिहासापेक्षा जरा निराळी दिसते.

(२०२३पासून शहराचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. या लेखातल्या बहुतेक घडामोडी त्याआधीच्या असल्याने त्या त्या काळातली नावं वापरली आहेत.)

मलिक अंबरची खडकी

१६००मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेला. निजामशाही संपली असं दिल्ली-आग्र्याला वाटत असताना एका हबशी सरदाराने ती पुन्हा उभी केली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दक्खनेत आलेला हा मलिक अंबर. त्याने १६१०मध्ये दौलताबादजवळच्या खडकी या गावी नवी राजधानी वसवायला घेतली.

जागेची निवड समजून घेण्यासारखी आहे. उत्तरेला डोंगर, पश्चिमेला खाम नदी, जवळच दौलताबादचा किल्ला. उत्तरेकडून येणारी वाट, पैठणकडे गोदावरीला जाणारी वाट, पूर्वेला जालन्याची वाट, असे जुने मार्ग या परिसरातून जात होते. या वाटांच्या आधाराने शहर वसलं.

१६१२मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. १६१६च्या सुमारास नौखंडा महाल झाला. जामा मशीद झाली. दोनदा, १६१६ आणि १६२१ साली, मुघल फौजांनी खडकी उद्ध्वस्त केली आणि दोन्ही वेळा ती पुन्हा वसली. राजधानी जाळता येते, पण ज्या वाटांमुळे लोक तिथे येतात त्या जळत नाहीत.

अंबरच्या फौजेत हबशी होते, दखनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावं मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली, असं स्थानिक परंपरा सांगते. म्हणजे या शहराच्या पहिल्या वस्त्यांच्या नावांतच दोन्ही समाज शेजारी नांदत होते.

पाण्याने जोडलेलं शहर

अंबरने शहराला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे नहर-ए-अंबरी. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने आणि खापरी नळांनी केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं गेलं. वाटेत ठिकठिकाणी उंच दगडी बंबे उभारले. पाणी त्यात चढायचं, दाब कमी व्हायचा, अडकलेली हवा बाहेर पडायची आणि तिथून फाटे फुटायचे. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीवर चालायची आणि यात्रेकरू-फकिरांसाठी पीठ दळायची.

रस्त्यांच्या गोष्टीत ही नहर कुठून आली, असं वाटेल. पण नहरीचं तत्त्व आणि रस्त्याचं तत्त्व एकच आहे. नहर एका घराच्या मालकीची असू शकत नाही. ती माझ्या अंगणात पोचायची, तर आधी शेजाऱ्याच्या अंगणाखालून यावी लागते. वरच्याने तोंड बंद केलं की खालच्याचा हौद कोरडा पडतो. जुन्या शहरात मशीद, सराई, बाजार आणि मोहल्ला या नळांनी एकमेकांशी बांधलेले होते. लोटा कारंजासारखं मोहल्ल्याचं नाव आजही त्या पाण्याची आठवण सांगतं.

दरवाजांची नावं वाचा

अंबर १६२६मध्ये गेला. त्याचा मुलगा फतेह खान याने शहराला फतेहनगर म्हटलं. पुढे निजामशाही बुडाली, आणि १६५३मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दक्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा शहर औरंगाबाद झालं. त्या काळात शहर झपाट्याने पसरलं. राजपूत सरदार आपापल्या फौजफाट्यासह इथे राहिले. त्यांच्या नावाने कर्णपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा, जयसिंगपुरा, जसवंतपुरा वसले. बेगमपुरा वाढला, आणि त्याच्या शेजारी दिलरस बानो बेगमचा मकबरा उभा राहिला. आजच्या भाषेत बोलायचं, तर हीसुद्धा शहराची बेसुमार वाढच होती. पुरे शहरापासून सुटे, मध्ये बागा आणि मोकळी रानं.

१६६६मध्ये फ्रेंच प्रवासी थेवनो इथे आला तेव्हा शहराला तट नव्हता. मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून बचावासाठी १६८२च्या सुमारास औरंगजेबाने तट बांधायला लावला, आणि त्यात दरवाजे आले. औरंगाबादला ‘बावन्न दरवाजांचं शहर’ म्हणतात. दरवाजांच्या कमानींवर आपण भरपूर लिहितो. मला त्यांची नावं अधिक बोलकी वाटतात.

दिल्ली दरवाजा, जालना दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई म्हणजे मक्का दरवाजा. चारही प्रमुख दरवाजांना ठिकाणांची नावं आहेत. आतल्या राजाचं नाव नाही, बाहेरच्या मुक्कामाचं आहे. आठव्या शतकात अब्बासी खलिफा मन्सूरने वसवलेल्या गोल बगदादचे चार दरवाजेही असेच होते : कूफा, बसरा, खुरासान आणि शाम. दरवाजा हा तटातला अडथळा खरा, पण त्याचं नाव ‘इथून कुठे जाता येतं’ हे सांगायचं.

मकाई, महमूद आणि बारापुल्ला या तीन दरवाजांना खाम नदीवरचे पूल जोडलेले आहेत. म्हणजे दरवाजा बांधणाऱ्याला पुढची नदीही दिसत होती. बेगमपुऱ्याला मकाई दरवाजा, हर्सूलला दिल्ली दरवाजा. पुरा लांब असला, तरी तो कोणत्या वाटेने शहराला जोडला जाणार हे ठरलेलं होतं. हे पूल मोटारींच्या काळातही वर्षानुवर्षं रहदारी वाहत राहिले.

जुन्या शहरात आजही याचा अनुभव येतो. गुलमंडीत उभं राहा. एक वाट पैठण गेटला जाते, एक औरंगपुऱ्याकडे, एक मछली खडकावरून सिटी चौकाकडे, एक रंगार गल्लीतून पुढे. एक वाट अडली की माणूस दुसरी धरतो. रस्ते अरुंद आहेत, गर्दी प्रचंड आहे, पण पायी चालणाऱ्याला ते शहर कधीच ‘बंद’ होत नाही.

बंद गल्लीचा कायदा

इथे एक जुना आक्षेप विचारात घ्यायला हवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या युरोपीय, विशेषतः फ्रेंच अभ्यासकांनी ‘इस्लामी शहर’ नावाचं एक चित्र रंगवलं : वाकड्या गल्ल्या, बोळ, कुठेच न जाणाऱ्या वाटा, नियोजन म्हणून नाहीच. जॅनेट अबु-लुघोद यांनी १९८७मधल्या आपल्या निबंधात या चित्राची चिरफाड केली. मोजक्या शहरांच्या अभ्यासावरून सगळ्या मुस्लिम जगाचा निष्कर्ष काढला गेला, हे त्यांनी दाखवून दिलं.

बंद गल्ल्या नव्हत्या असं नाही, भरपूर होत्या. आमच्या जुन्या मोहल्ल्यांतही होत्या. पण त्यांना कायदा होता.

हजरत उमर यांच्या खिलाफतीत, ६३८च्या सुमारास कूफा शहर वसवलं गेलं. मुख्य रस्ते ४० हात, त्याखालचे ३० हात, मधले २० हात आणि गल्ली ७ हात, अशी मापं आखून दिल्याचं इतिहासकार तबरीने नोंदवलं आहे. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात सोडा, हे प्रेषितांचं मार्गदर्शन हदीसमध्येही आहे. सात हात म्हणजे साधारण अकरा फूट. लादलेले दोन उंट समोरासमोरून निघावेत एवढं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

फिकहमध्ये रस्त्यांचे दोन प्रकार मानले गेले. दोन्ही टोकं उघडी असलेला वाहता रस्ता सर्वांचा. त्यावर कुणाचीही मालकी नाही, आणि ये-जा अडेल असं बांधकाम तिथे चालत नाही. एका टोकाला बंद असलेली गल्ली मात्र तिथे दार असलेल्या घरांची सामाईक. बाराव्या शतकातल्या बुरहानुद्दीन मरगीनानी यांच्या ‘हिदाया’त, जो ग्रंथ आपल्याकडच्या मदरशांत पिढ्यानपिढ्या शिकवला जातो, यावर एक मजेदार मसला आहे. एका लांब गल्लीतून दुसरी बंद गल्ली फुटते. पहिल्या गल्लीतल्या माणसाच्या घराची भिंत त्या आतल्या गल्लीला लागून आहे. त्याला तिकडे दार काढता येईल का? उत्तर : नाही, कारण त्या गल्लीतून जाण्यायेण्याचा हक्क तिथल्या रहिवाशांचा आहे. पण तीच गल्ली वळून दोन्ही टोकांनी पुन्हा पहिल्या गल्लीला मिळत असेल, तर काढता येईल. तिथे वाट सगळ्यांची होते.

चौदाव्या शतकात ट्युनिसच्या इब्न अल-रामीने घरं, भिंती, दारं आणि वाटांच्या तंट्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला. तो स्वतः गवंडी होता आणि काझीला अशा तंट्यांत सल्ला द्यायचा. सांगायचा मुद्दा असा की, बंद गल्ली ही तिथे राहणाऱ्यांनी पत्करलेली आणि निभावलेली जबाबदारी होती. तिच्या तोंडाशी वाहता रस्ता असायचा, आणि तो कुणी अडवला तर दाद मागता यायची.

आमची बंद गल्ली या दोन्ही प्रकारांत बसत नाही. तिचं बंद असणं कुणीच ठरवलेलं नाही.

रूळ, कारखाने आणि सेक्टर

१७६३मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि औरंगाबादचा विस्तार थांबला. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेला छावणी आली. १९००मध्ये मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाली. स्टेशन तटाबाहेर नैऋत्येला, आणि रूळ शहराच्या दक्षिणेकडून. तेव्हा रुळापलीकडे शेती होती, त्यामुळे अडचण कुणाला जाणवली नाही.

१९६०नंतर चित्र पालटलं. स्टेशनजवळ आणि चिकलठाण्याला औद्योगिक वसाहती आल्या. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातली गावं शहराच्या दिशेने ढकलली. त्याच दशकात सिडकोकडे नवं औरंगाबाद वसवण्याचं काम आलं. ऐंशीच्या दशकात वाळूजला मोठे कारखाने उभे राहिले, १९८२मध्ये महानगरपालिका झाली, आसपासची गावं हद्दीत आली. १९७१च्या जनगणनेत सुमारे दीड लाखाचं असलेलं शहर २०११मध्ये पावणेबारा लाखांचं झालं.

यात वाटांचं काय झालं? सिडकोच्या आतले रस्ते रुंद आणि नीटनेटके आहेत. अडचण तिच्या कडांना आहे. एन-१, एन-२ अशा क्रमांकांचे सेक्टर स्वतःपुरते आखले गेले. त्यांच्या बाजूला वाढणाऱ्या वसाहती आणि पलीकडचं जुनं शहर यांच्याशी त्यांची सांधेजोड मोजक्याच ठिकाणी झाली. वाळूजला जायचं तर छावणी आणि नगर नाक्याची वाट. सातारा-देवळाई भाग रुळाच्या दक्षिणेला पसरला, पण रूळ ओलांडायच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मग सगळा भार पडला जालना रोडवर. शाळा, दवाखाना, कोर्ट, बाजार, विमानतळ, सगळ्यासाठी आधी त्या रस्त्यावर यायचं. तो तुंबला की आपण उड्डाणपूल बांधतो. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक, एकाच रस्त्यावर पुलांची रांग लागली. पूल त्या रस्त्यावरची गर्दी उचलतो. गर्दी तिथे येते, कारण शेजारच्या दोन वसाहतींना एकमेकींकडे जायला दुसरी वाट नाही, आणि त्यावर पुलाकडे उत्तर नाही.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ले आणि ॲडम मिलार्ड-बॉल या अभ्यासकांनी २०२०मध्ये जगभरातल्या रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास मांडला. १९७५पासून जगात बांधले गेलेले नवे रस्ते एकूण पाहता कमी-कमी जोडलेले होत गेले, असं त्यांना आढळलं. त्यांचा एक इशारा महत्त्वाचा आहे : घरं पाडून नवी बांधता येतात, पण रस्त्याची आखणी एकदा झाली की पिढ्यानपिढ्या बदलत नाही.

गटाची हद्द

आता आमच्या भिंतीकडे येऊ. रोशन गेट, कटकट गेटच्या पुढे आणि शहराच्या इतर कडांनाही जी वाढ झाली, ती बहुतांशी गुंठेवारीची. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतकऱ्याची जमीन कागदावर शेतीची. एजंट ती विकत किंवा विसारावर घ्यायचा, चुन्याने रेघा मारायचा, वीस बाय तीसचे प्लॉट पाडायचा आणि बॉण्ड पेपरवर विकायचा. घेणारे कोण? कारखान्यातले मजूर, हमाल, रिक्षावाले, दुष्काळी गावांतून आलेली कुटुंबं. मुसलमान होते, दलित होते, इतरही होते. सरकारी योजनेतलं घर ज्यांच्या आवाक्यात नव्हतं, ते सगळे. आमच्या अब्बांनीही असाच प्लॉट घेतला.

एजंटाचा हिशेब साधा होता. त्याच्याकडे एकच गट नंबर. त्यात जास्तीत जास्त प्लॉट बसवायचे, तर रस्ता कमीत कमी ठेवायचा. रस्ता गटाच्या हद्दीपर्यंत न्यायचा आणि तिथे शेवटचा प्लॉट काढायचा. पलीकडच्या गटात दुसरा एजंट दुसऱ्या वर्षी आला, त्याने आपल्या रेघा आपल्या सोयीने मारल्या. दोन गल्ल्या समोरासमोर आल्या, पण भेटल्या नाहीत. मध्ये बांध होता. बांधाची भिंत झाली. पूर्वी दोन शेतांमधून गाडीवाट तरी असायची, तीही प्लॉटमध्ये गेली.

२००१च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामं नियमित करायची सोय केली, २०२१मध्ये तिची मुदत वाढवली. लोकांना मोठा दिलासा मिळाला. घर आपलं झालं. पण फाईल प्लॉटची होते. दोन वसाहतींमधल्या वाटेची फाईल कोण करणार?

या कामाला आणखी एक गोष्ट आडवी आली. १९८८च्या दंगलीसारख्या प्रसंगांनंतर लोक ‘आपल्या’ भागात सरकत गेले. ज्या भिंती एजंटाच्या नफ्यासाठी उभ्या राहिल्या, त्या भीतीपोटी टिकल्या. आज दोन्ही बाजूंच्या माणसांना त्यांच्यामुळे सुरक्षित वाटतं. खरं तर संकट आलं की पळायला एकच तोंड उरतं, हे दोन्हीकडच्यांनी भोगलेलं आहे.

भिंतीपाशी

अम्मी बरी झाल्यावर आम्ही काही जण पलीकडच्या वसाहतीत जाऊन बसलो. पलीकडे मुसलमानांची घरं आहेत, हिंदूंचीही आहेत. चहा झाला. भिंतीत निदान आठ फुटांची वाट काढावी, पायी माणूस, खाट आणि रिक्षा जाईल एवढी, असा विषय निघाला. एका काकांनी विचारलं, “मग रात्री तुमच्याकडची पोरं गाड्या उडवत इकडून जाणार, त्याचं काय?” प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या बाजूच्या चाचांचा आक्षेपही तसाच होता, “उधर के लोगां अपनी गल्ली में गाड्या लगाएंगे.” कुणालाच वाट नको होती असं नाही. प्रत्येकाला ती दुसऱ्याच्या दारातून हवी होती.

बोलणी अजून चालू आहेत. भिंतीला लागून असलेल्या दोन घरांना आपापल्या ओट्याचे तीन-तीन फूट सोडावे लागतील. त्यांचा मोबदला दोन्ही गल्ल्यांनी वर्गणीतून द्यावा, असं ठरत आलं आहे. पलीकडच्या एका कुटुंबाने होकार कळवला आहे. आमच्या बाजूचे चाचा अजून विचार करतायत.

मागच्या महिन्यात त्यांच्या थोरल्या भावाचं निधन झालं. कब्रस्तान भिंतीपलीकडच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर. जनाजा गल्लीतून बाहेर पडला, मुख्य रस्त्यावर आला, रहदारी थांबवत चौकातून वळला आणि दीड किलोमीटर चालून तिथे पोचला. परतताना चाचा माझ्या शेजारी होते. भिंतीपाशी आल्यावर ते क्षणभर थांबले, हाताने तिची उंची अजमावली आणि म्हणाले, “इतवार को उन लोगां को बुला लो, बात करते.”